वीतभर फीत

जिंतूर, २८ एप्रिल १९९४

बी.ए.चा शेवटचा पेपर काल झाला. आज सकाळपासून हाताला काम नाही, त्यामुळे हात दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा वाटतो आहे. बाबांनी सगळी उत्तरे माझ्याकडून तोंडी म्हणवून घेतली आणि शेवटी “बरं आहे” म्हणाले. त्यांच्याकडून याहून मोठे शब्द मी कधी ऐकलेले नाहीत.

त्यांनी दिलेला शब्द अजून पक्का आहे ना, हे विचारायचे होते. विचारले नाही. शब्द देणाऱ्याला पुन्हा विचारणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणे. गेल्या वर्षी वालूरची मंडळी मला पाहायला आली, तेव्हा मला स्वतःचे नावसुद्धा सांगता आले नव्हते. एका बाईंनी चालून दाखवायला सांगितले, एकांनी अक्षर पाहण्यासाठी कागद पुढे सरकवला, आणि मी पाटावर बसल्या जागी गोठले. अखेर आईच म्हणाली, “हिचं नाव वैजयंता.” मंडळी गेल्यावर मी जेवले नाही. तेव्हा बाबांनी सांगितले होते, “एम.ए. होईपर्यंत या घरात पुन्हा हा कार्यक्रम होणार नाही. तू कॉलेजात पहिली ये. मी स्वतः तुला औरंगाबादला सोडून येईन.” दत्तोपंत गुरुजींचा शब्द आहे. अर्धे जिंतूर त्यांच्या हाताखालून शिकून गेले आहे.

उद्या येलदरीला नर्मदामावशीकडे जायचे आहे. बाबांनीच सुचवले. आईने ट्रंकेत मोरपंखी साडी ठेवली. येलदरीच्या उन्हात ती कशाला, असे विचारल्यावर म्हणाली, “असू दे. जागा हाय.”

येलदरी, ३० एप्रिल

धरणाच्या वसाहतीत एक सुख आहे, वीज जात नाही. काशीनाथकाका पॉवर हाऊसमध्ये ऑपरेटर आहेत, ते गमतीने म्हणतात, “बत्ती घरचीच हाय, वापरा.”

मावशीची कावेरी माझ्याच वयाची. मला आलेली पाहताच तिने माझे पुस्तक काढून फळीवर ठेवले. “हे राहू दे. तुला एक चीज दाखवायची हाय.” काकांचे धाकटे भाऊ बन्सीधर कुवेतला नोकरीला होते. त्यांनी तिकडून व्हीसीआर आणला, आणि त्याच्यासोबत पाच कॅसेटी. कंपनीतला एक जपानी साहेब मायदेशी जाताना त्या ठेवून गेला होता. हाताने काढलेली हलणारी चित्रे आहेत, कार्टूनसारखी, पण मुलांसाठी नाहीत. भाषा सगळी जपानी. घरात कोणाला एक अक्षर कळत नाही, म्हणून त्या इतके दिवस कपाटात पडून होत्या.

आज पहिली पाहिली. तळ्याकाठचे गाव. रात्री धुके चढते आणि पाण्यातून माणसाच्या तोंडाची भुते वर येतात. त्यांच्या अंगातून सारखे पाणी ठिबकत असते. एक मुलगी त्यांना मारते. तिला ‘आकी’ अशी हाक मारतात, त्यावरून नाव कळले. तिचा डावा हात कोपरापर्यंत काळा आहे आणि तो कधीकधी तिचे ऐकत नाही. तिच्यामागून एक उंच माणूस चालतो. तोंडावर कोल्ह्याचा मुखवटा, हातात कागदी कंदील. तो लढत नाही. नुसता कंदील उंच धरतो.

मावशी दारातून डोकावली. “तळ्याखाली गाव बुडालेलं दिसायलंय की गं. आपल्या धरणाखाली बी हाईत तशी.” मग पदर तोंडाला लावून आत गेली.

मला रात्रभर त्या कंदिलाचा रंग आठवत राहील असे वाटते.

२ मे

कावेरी म्हणाली, “तू हुशार. तू सांग, काय चाललंय ते.”

मी म्हटले, भाषा येत नसताना मी काय सांगणार? पण पहिली कॅसेट पुन्हा लावल्यावर लक्षात आले की बरेच काही समजते. आकी भुताला मारते तेव्हा ते मरताना काहीतरी बोलते, आणि ती दर वेळी डोळे मिटते. म्हणजे ही भुते तिची ओळखीची माणसे असली पाहिजेत. कंदीलवाला काही खात नाही. तिच्या पुढे कधी चालत नाही. मी हे सगळे जोडून सांगू लागले आणि सांगता सांगता माझा आवाज मला ऐकू आला. शेजारच्या दोघी-तिघी बायका येऊन बसल्या होत्या, तरी मी थांबले नाही. हे माझ्या आयुष्यात प्रथमच घडले.

माझे मत असे मांडले: हा माणूस तिचा रक्षक आहे. अंधारात तिला शत्रू दिसावा म्हणून तो कंदील धरतो. स्वतः लढत नाही, कारण लढण्याचा मान तिचा आहे.

कावेरी म्हणाली, “मला बी असा एक माणूस पाहिजे. मागनं चालणारा.”

“तुला तर पुढे चालणारा सुद्धा आवरणार नाही.”

ती हसून लोळली. फक्त एक गोष्ट मला समजत नाही. दारे-खिडक्या लावल्या तर चित्र स्पष्ट दिसेल, पण कावेरी खिडकी सताड उघडी ठेवते आणि मला नेमके त्या खिडकीपाशी बसवते. “तिथं उजेड हाय,” म्हणते. उजेडाने पडदा फिका होतो, हे हिला कसे कळत नाही?

७ मे

चित्रावर पांढऱ्या रेघा येत होत्या. काकांनी पॉवर हाऊसमधल्या एका इंजिनिअरना बोलावले. भुजंगराव त्यांचे नाव. सडपातळ आहेत, बोलतात कमी. त्यांनी यंत्राचे झाकण काढून आतला भाग स्पिरिटच्या कापडाने पुसला. चित्र सुधारले की नाही हे पाहायला ते थांबले आणि मग दुसरी कॅसेट संपेपर्यंत थांबले.

या भागात एक भूत आकीच्या आईचे तोंड घेऊन येते. आकी कोयता उचलते आणि खाली ठेवते. कंदीलवाला कंदील आणखी उंच करतो. मग तिला मारावेच लागते. रक्त काळे दाखवले आहे, आणि ते पाण्यावर तेलासारखे तरंगते.

कावेरी म्हणाली, “वैजू, सांग ना यांना मागची गोष्ट.” मी सांगितली. भुजंगराव मान खाली घालून ऐकत होते. मग त्यांनी विचारले, “कंदील त्याच्याच हातात का? लढायचं तिला हाय. मग दिवा तिच्या हातात का नाही?”

मी म्हटले, “तिचे दोन्ही हात गुंतलेले असतात.”

“आत्ता नव्हते. आई समोर होती तेव्हा कोयता खाली होता.”

मला वाईट वाटले नाही. प्रश्न चांगला होता. मनातली गोष्ट बोलून मग तीवर अशी हरकत ऐकणे, याचा आनंद परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत नसतो. एम.ए.च्या वर्गात असे रोज होत असेल.

ते गेल्यावर कावेरी म्हणाली, “कसे वाटले?”

“कोण?”

“कोण म्हंजे, कॅसेट.”

१२ मे

आज भुजंगरावांच्या आई आल्या होत्या. सुमनबाई. मुलाने घरी गोष्ट सांगितली, म्हणून त्यांनाही पाहायची होती. एवढ्या उन्हात चालत आल्या, याचे मला कौतुक वाटले. मी आज मोरपंखी साडी नेसले होते. माझ्या दोन्ही साड्या कावेरीने भिजत घातल्या, मग दुसरे काही उरले नाही.

सुमनबाई प्रेमळ आहेत, पण त्यांची नजर अधू असावी. पिशवीतून शिवण काढून म्हणाल्या, “बाई, एवढी सुई ओवून दे गं. मला दिसत न्हाई.” मी ओवून दिली. मग पंचांगातली पुढची एकादशी वाचायला लावली. मग “पाणी दे गं जरा” म्हणून आतपर्यंत पाठवले. माझे केस हातात घेऊन म्हणाल्या, “लय छान हाईत. तेल कोणतं?” दिवसभर घरात एकट्या असणाऱ्या माणसाला अशी बोलण्याची भूक असते.

त्यांनी कॅसेट फारशी पाहिली नाही; मी सांगत होते तेव्हा माझ्याकडेच पाहत होत्या. “गोड सांगतीस. भूत हाय तरी ऐकावं वाटतंय.” पुढची गोष्ट राहिली होती. ती नंतर सांगण्याचे माझ्याकडून कबूल करून घेतले. जेवायला बसल्या तेव्हा वरणातला इवलासा खडा त्यांनी बोटाने अचूक बाजूला काढला. चष्मा न लावता. माणसाची नजर जवळचे आणि लांबचे वेगवेगळे पाहत असावी.

१७ मे

चौथी कॅसेट पाहिली. माझा सगळा बांधलेला अर्थ मोडून पडला.

कंदीलवाला एका पारावर कंदील विसरतो. धुके उतरते. पाण्यातली भुते रांगेने येतात. आकी उघड्यावर उभी आहे, कोयता धरून, आणि ती तिच्या अगदी अंगाला लागून निघून जातात. एकही तिच्याकडे वळत नाही. त्यांना ती दिसतच नाही. मग मागून कंदीलवाला येतो, कंदील उचलतो, उजेड तिच्यावर पडतो आणि एका झटक्यात सगळी तोंडे तिच्याकडे वळतात.

म्हणजे तो उजेड तिला दिसावे म्हणून नव्हताच. ती त्यांना दिसावी म्हणून होता.

मी कावेरीला म्हटले, “काहीतरी चुकत असेल. कदाचित चित्रे काढणाऱ्याने क्रम चुकवला असेल.” मला तो माणूस तसा असावा हे पटत नाही. इतक्या लढायांत तो तिच्यामागे उभा होता. एकदा त्याने तिच्या जखमेला फडके बांधले होते. ते फडके तरी खरे असेल ना?

कावेरीने कॅसेट काढून खोक्यात ठेवली. मग म्हणाली, “त्याचा बी काही इलाज नसंल, वैजू. ती लढली न्हाई तर त्याच्यासंगं कशाला चालंल ती? निघून जाईल ना कुठंबी.”

“म्हणून तिला भुतांपुढे उभे करायचे?”

“मला काय माहीत. मी काय जपानी हाय का,” असे म्हणून ती स्वयंपाकघरात गेली. तिने कांदा चिरायला घेतला होता, त्यामुळे डोळ्यांत पाणी होते.

१९ मे

पाचवी कॅसेट शेवटाला आली आणि यंत्राने फीत ओढून घेतली. आत चुरगळली. भुजंगरावांनी येऊन ती सोडवली, खराब झालेला तुकडा कात्रीने कापला आणि दोन टोके चिकटपट्टीने जोडली. कापलेला तुकडा त्यांनी बोटे पसरून मोजला. “वीतभर गेली. पाच-सहा सेकंद असतील.”

त्या पाच-सहा सेकंदांतच सगळे होते. आधी असे दिसते: आकी थांबते. मागे वळते. मुखवट्याकडे पाहते. तिचा काळा हात वर येतो. मग पडद्यावर पांढरे खडे सांडल्यासारखे होते. आणि नंतर ती एकटी तळ्याच्या बंधाऱ्यावरून चालते आहे. कंदील तिच्या हातात, विझलेला. तो माणूस नाही. मुखवटासुद्धा नाही.

आम्ही तिघांनी वाद घातला. भुजंगराव म्हणाले, “हिसकावून घेतला. काळा हात वर आला होता.” कावेरी म्हणाली, “न्हाई. त्यानं आपणहून दिला. आन् माफी मागितली. आन् तिनं केली.” मी म्हटले, पुरावा दोन्ही बाजूंनी नाही. भुजंगराव हसले. “तुम्ही मास्तरीणच व्हायच्या.”

मी सांगितले की मला एम.ए. करून शिकवायचेच आहे. ते म्हणाले, “इथं जवळपास बी शाळा हायेत.” मला त्या वाक्याचा संबंध लागला नाही.

२१ मे

जे घडले ते क्रमाने लिहिते.

सायंकाळी भुजंगराव जोड पक्का करायला नेलेली कॅसेट परत द्यायला आले. कावेरी पाणी आणते म्हणून आत गेली आणि आलीच नाही. आम्ही ओसरीवर होतो. ते जोत्यावर, मी दारापाशी. ते म्हणाले, “एक सांगू का? तुम्ही ही कल्पना काढली ते लय बरं केलं. पाट, पोहे, तेच तेच प्रश्न, मला बी ते जमत न्हाई. दोन ठिकाणी गेलो, दोन्हीकडं माझाच घसा सुकला. असं कॅसेट बघत बोललो, तर माणूस कळतं.”

मी आत वळून पाहिले, कावेरी दिसेना.

“आईला तर तुम्ही सुई ओवली तेव्हाच पसंत पडलात.” ते लाजले आणि जोत्याचा दगड नखाने खरवडत म्हणाले, “मला त्याच्याआधी.”

मला वालूरची मंडळी आठवली. मी तशीच गोठले. त्यांनी ती लाज समजली असावी. “गुरुजी येणार हायेत ना पुढच्या आठवड्यात बोलायला,” असे म्हणून उठले.

खिडकी उघडी का होती. साड्या का भिजल्या. सुई.

२२ मे

कावेरीला मी अंगणात गाठले. ती वाळवणावरची चादर सारखी करत होती.

“तुला ठाऊक होतं?”

“हं.”

“कधीपासून?”

“तू यायच्या आधी.” तिने चादरीचे टोक सोडले नाही. “सांगितलं असतं तर बोलली असतीस का तू?”

“नाही.”

“मग? त्या वालूरवाल्यांपुढं दगड झाली होतीस. अशी कोण तुला करून घेणार होतं? हितं तू काय बोललीस, वैजू. मला बी माहीत नव्हतं तू इतकं बोलतीस. मावसाजी म्हणाले, पोरीला कळू न देता करा. आईनं मला सांगितलं.”

“मला औरंगाबादला जायचं होतं, हे माहीत होतं तुला.”

“माहीत होतं ना.” आता ती माझ्याकडे वळली. “तू गेलीस की संपलं. तिकडल्या पोरींत बसशील, मोठं मोठं बोलशील. मी काय तुझ्यासाठी? मी ही अशी पापड वाळू घालणारी. भुजंगरावाचं क्वार्टर चार घरं सोडून हाय. खिडकीतनं हाक मारली असती तुला रोज.” आणि मग हळू आवाजात, “माणूस वाईट हाय का तो? सांग बरं.”

प्रश्न तो नाही. आणि प्रश्न तो नाही हे मी रात्री उशीत तोंड घालून इतक्या वेळा का म्हणत होते, तेही मला ठाऊक नाही.

जिंतूर, २४ मे

बाबा खुर्चीत बसले होते. मी उभी राहून विचारले. वर्गात उभी राहत असे तशी.

“तुम्ही शब्द दिला होता.”

“शब्द मोडलेला नाही. ‘या घरात कार्यक्रम होणार नाही’ असं म्हणालो होतो. झाला का या घरात?”

ते खरोखरच गणिताची रीत समजावून सांगत असल्यासारखे बोलत होते. आई दाराआड होती.

“आणि औरंगाबाद?”

“जानेवारीत विद्यापीठाचं नामांतर झालं. तिथलं वातावरण अजून गरम आहे. मुलीच्या जातीनं कशाला त्या गडबडीत? एम.ए. बाहेरून कर. भुजंगराव नाही म्हणणार नाहीत, मी काशीनाथरावांमार्फत विचारून घेतलंय.”

फेब्रुवारीत हेच बाबा शेजारच्या देशपांड्यांना सांगत होते की आता सगळे शांत आहे, विद्यापीठ नीट सुरू आहे, काळजी नको. ते त्यांच्या मुलाबद्दल होते.

मी कॉलेजमध्ये पहिली येण्यासाठी तीन वर्षे ज्या खोलीत बसले, त्या खोलीत हे लिहिते आहे. सगळे जण सगळे जाणून होते. आईने साडी घडी करून ठेवली तेव्हाही. दोन्ही घरांत न जाणणारी मी एकटी होते, आणि सगळ्यांत हुशार म्हणून ओळखली जाणारीही मीच.

५ जून

आज बैठक होती. सुपारी फुटायची होती.

सुमनबाई, भुजंगराव, मावशी, काका, कावेरी. ताटात नारळ, खडीसाखर. बाबा नवे धोतर नेसले होते. मला आणून बसवले. पाट नव्हता, सतरंजी होती, तेवढा फरक.

सुमनबाई मायेने म्हणाल्या, “घाबरू नको गं. सगळी आपलीच हाईत. त्या दिवशी गोष्ट अर्धी राहिली. कंदीलवाल्याचं पुढं काय झालं, ते सांग आधी. बाकीचं मग.”

मी ठरवून काही केले नाही, हे इथे लिहून ठेवले पाहिजे. त्यांनी गोष्ट विचारली आणि मला गोष्ट सांगता येते.

मी सांगितले, “तो कंदील आकीसाठी नव्हता, काकू. भुतांना ती दिसत नव्हती. त्यांना दिसावी म्हणून तो धरत होता.”

“अगं बाई. आन् तिला माहीत न्हाई?”

“नाही. तिला वाटे, तो आपल्यालाच उजेड दाखवतो आहे.” माझा आवाज येलदरीच्या खिडकीपाशी यायचा तसाच येत होता. “मलाही माहीत नव्हते, काकू. मी येलदरीला सुट्टीसाठी आले होते. तुम्ही कशासाठी येत होतात, ते मला कोणी सांगितले नव्हते.”

कोणीतरी भांडे खाली ठेवले. मावशी बाबांकडे पाहू लागली, बाबा नारळाकडे.

सुमनबाई म्हणाल्या, “नर्मदाबाई, पोरीनंच असं सुचवलं म्हणाला होता तुमी. तिला लाज वाटती, म्हणून असं करू म्हणाली, असं.”

मावशीने पदर तोंडाला लावला.

“सुई ओवायला लावली मी हिला.” त्या आता माझ्याशी बोलत होत्या. “तुला काय वाटलं होतं गं मग?”

“तुम्हाला दिसत नसेल असे वाटले.”

त्यांनी डोळ्यांवर हात ठेवला. मग उठल्या. “गुरुजी, हा नारळ मी उचलायची न्हाई. मला बी एक लेक हाय, नांदेडला दिलेली. हिला शिकवायचा शब्द दिलाय म्हणं तुमी. कावेरी सांगत होती. तो आधी पुरा करा.”

भुजंगराव दारात थांबले. त्यांनी चपला उलट्या पायांत घातल्या होत्या, आणि ते त्यांच्या ध्यानात आले नव्हते. म्हणाले, “मला वाटलं, तुम्हाला ठाऊक हाय.”

मला माहीत आहे की त्यांना तसे वाटले होते. हे एक वाक्य मला त्यांना सांगता आले असते. पण नेमके ते आले नाही.

६ जून

बाबा माझ्याशी बोलत नाहीत. आई बोलते, पण भांड्यांशी.

२० जून

निकाल लागला. कॉलेजात पहिली.

बाबांबरोबर पेढे आणायला गेले होते. चौकात त्यांचे जुने विद्यार्थी भेटले, कापसाच्या पेढीवरचे माणिकराव. “गुरुजी, आता वैजूताई औरंगाबादला ना? तुमी तर वर्षभरापासून सगळ्यांना सांगायलाय.”

बाजूला आणखी चार माणसे होती. बाबा म्हणाले, “हो. मी स्वतः सोडून येणार आहे.”

हे ऐकण्यासाठी मी वर्षभर अभ्यास केला होता. मला वाटले होते, त्या वेळी मी बाबांच्या पाया पडेन. मी पेढ्यांचा पुडा धरून उभी राहिले. हीच गोष्ट त्यांनी घरी, आम्ही दोघेच असताना, म्हटली असती तर मी सगळे विसरले असते. आता ती चार माणसांनी त्यांच्याकडून काढून घेतली आहे, मी फक्त त्यांच्या बाजूला उभी होते.

औरंगाबाद, ३ जुलै

वसतिगृहाच्या खोलीत लिहिते आहे. बाबा परतीच्या गाडीने गेले. जाताना मुलींच्या अधीक्षकांना म्हणाले, “मुलगी फार साधी आहे. लक्ष ठेवा.”

सकाळी जिंतूरच्या स्टँडवर कावेरी आली होती. येलदरीहून पहिल्या एसटीने. केसांत धूळ होती. मी खिडकीशी बसले होते, ती खाली उभी. हातात लाडवांचा डबा. तिने तो वर केला, मी घेतला. आभार मानावेत की नाही, हे मला ठरवता आले नाही.

“भुजंगरावाची बदली झाली,” ती म्हणाली. “त्यांनीच मागून घेतली म्हणं.”

“बरं.”

“कॅसेटी मी कपाटात ठेवल्यात. मी एकटी न्हाई बघत.” मग तिने खिडकीच्या गजाला हात लावला. “वैजू, मला एवढं सांग. मधी जो तुकडा गेला ना, त्याच्यात तिनं त्याला माफ केलं असंल का न्हाई?”

ती माझ्याकडे वर पाहत होती. त्या दिवशी ‘तू सांग, काय चाललंय ते’ म्हणाली होती, अगदी तशीच. मी काहीही सांगितले असते तरी तिने ते खरे मानले असते. मला ते कळत होते.

“वीतभर फीत गेली होती, कावेरी. तेवढ्यात कंदील हातात घेऊन होतो. माफी एवढ्यात बसत नाही.”

कंडक्टरने घंटी दिली. ती गाडीबरोबर थोडी चालली, माझ्या खिडकीच्या किंचित मागे, आणि स्टँडच्या कमानीपाशी थांबली.

“कसली फीत?” शेजारी बसलेल्या बाबांनी विचारले. बऱ्याच दिवसांनी ते आपण होऊन माझ्याशी बोलले होते.

मी सांगितले नाही. जालना येईपर्यंत वेळ होता, तरी नाही. मंठ्याच्या पुढे ऊन माझ्या तोंडावर यायला लागले. बाबांनी हात लांब करून खिडकीची काच ओढून घेतली. त्यांचा हात मागे जाईपर्यंत मी थांबले, आणि मग ती उघडली.